महिला मंडळासाठी चार सभांची मालिका : बायका आणि खिजगणतीत नसलेली माणसं (उतारे, वेळ, नेहमीच्या चुका)

निपाणी_माळ

सलाम मंडळी.

मार्चच्या पहिल्या शुक्रवारी जागतिक प्रार्थना दिन. त्याआधी फेब्रुवारीत चार आठवडे महिला मंडळात एक मालिका घ्यायचं घाटतंय. विषय : देव बायकांकडून आणि ज्यांना कुणी मोजत नाही अशा माणसांकडून काम कसं करून घेतो.

परिस्थिती अशी. तीसेक बायका. निम्म्या बिड्या वळणाऱ्या, सात-आठ ऊसतोडीच्या, बाकी घरकाम आणि दुकान. पाच-सहा घरं कन्नड बोलणारी. चार-पाच जणींना वाचता येत नाही. पन्नास मिनिटांच्या वर कुणी बसत नाही, आणि त्यात चूकही नाही.

विचारायचं ते :
१. उतारे कोणते? रूथ, एस्तेर, मरिया सोडून.
२. मराठी-कन्नड एकत्र कसं जमवायचं?
३. बोलायला पाळकसाहेबांनाच उभं करायचं, की बायकांपैकी कुणाला?
४. "स्त्रीने उपदेश करू नये" हे वचन कुणीतरी काढणारच. काढलं की काय?

वैयक्तिक साक्षी इथं नकोत, त्या साक्षीसभेत. कामाचं तेवढं सांगा.

शहापूर_पेठ

रूथ-एस्तेर बाजूला ठेवायचं ठरवलंत ते बरं केलं. उतारे वाईट नाहीत, पण बोलून बोलून गुळगुळीत झालेत. पहिल्या वाक्याला बायका शेवट ओळखतात. हे चार घ्या.

पहिली सभा हुल्दा ही संदेष्टी, २ राजे २२:८-२०. दुसरी नामान या अरामी सेनापतीच्या घरची पोर, २ राजे ५:१-१४. तिसरी विहिरीवरची शोमरोनी बाई, योहान ४:५-४२. चौथी रोमकरांस १६:१-२३, म्हणजे ती नावांची अख्खी यादी, जी वाचताना सगळे पान उलटतात.

हुल्दा पहिली ठेवायला कारण आहे. आपल्याकडे एक ठरलेलं वाक्य असतं : पुरुष पुढे आला नाही म्हणून देवाने बाईला उभं केलं. दबोरावर बोलताना ते हमखास येतं. शास्ते ४ नीट वाचलं तर क्रम उलटा आहे. चौथ्या-पाचव्या वचनांत दबोरा आधीच न्याय करतेय, रामा आणि बेथेलच्या मधे खजुरीखाली बसतेय, लोक तिच्याकडे चढून येताहेत. सेनापती बाराकाला तीच बोलावणं धाडते, नंतर. तो कचरतो हे खरं, पण तोवर ती कामाला लागलेली आहे.

तरी दबोराच्या बाबतीत वाद घालायला जागा उरते. हुल्दाच्या बाबतीत उरत नाही. योशीया राजाच्या १८ व्या वर्षी मंदिरात नियमशास्त्राचा ग्रंथ सापडला. यिर्मया संदेष्ट्याला पाचारण झालं ते १३ व्या वर्षी (यिर्मया १:२). म्हणजे पाच वर्षं तो संदेश देत होता. तरीही राजाने पाठवलेली पाच माणसं गेली कुणाकडे? हिल्कीया याजक, अहीकाम, अखबोर, शाफान, असाया, सगळी बडी मंडळी, आणि गेली वस्त्रभांडार सांभाळणाऱ्या शल्लूमाच्या बायकोकडे. तिने ग्रंथातल्या शापावर शिक्का मारला, राजाला दयेचा निरोपही दिला. देशभरातल्या मूर्ती काढल्या ते २३ व्या अध्यायात, त्यानंतर. पुरुष मिळाला नाही हे इथं म्हणताच येत नाही. मिळाला होता, चांगला मिळाला होता.

ही एक गाठ पहिल्याच सभेत सुटली की पुढच्या तिन्ही सभा सोप्या जातात. नाहीतर दर वेळी "बायका म्हणजे देवाची पर्यायी व्यवस्था" हाच सूर लागतो.

पन्नास मिनिटं अशी कापा : गीत ८, प्रार्थना ५, वाचन ७, बोलणं १५, गटात चर्चा १२, शेवटची प्रार्थना ३. गीतं एकाच्या वर घेतली की चर्चा मरते. आपल्याकडे नेहमी तेच होतं. पंचवीस मिनिटं गाणी, मग घड्याळ बघत चर्चेला कात्री, आणि बायका काही न बोलता घरी.

कृष्णाकाठ_अथणी

दोन भाषांचं मी सांगतो.

वाक्यागणिक भाषांतर करू नका. पंधरा मिनिटांचं बोलणं अठ्ठावीस-तीस मिनिटांवर जातं, आणि दोन्ही भाषांच्या बायका अर्धा वेळ नुसत्या थांबून असतात. त्यापेक्षा उतारा दोन तुकड्यांत वाचा. पहिला मराठीत, पुढचा कन्नडमध्ये, पुन्हा न वाचता. गोष्ट पुढे सरकत राहते आणि जिला जिथे कळलं नाही तिथे शेजारीण हळूच सांगते. ते शेजारणीचं सांगणं बंद पाडू नका. बोलणं मराठीत झालं तर शेवटी तीन मिनिटांत कन्नडमध्ये गोषवारा. गट मात्र भाषेनुसार वेगळे बसवू नका, एका गटात किमान एक दोन्ही येणारी असू द्या.

पुस्तकांची नावं आधी कागदावर जुळवून ठेवा, तिथे फार गोंधळ होतो. शास्ते म्हणजे न्यायस्थापकरु. २ राजे म्हणजे २ अरसुगळु. निर्गम म्हणजे विमोचनकांड. रोमकरांस म्हणजे रोमापुरदवरिगे. फिबीचं तिकडे फोयिबे होतं. हे पाठ नसलं की पान काढण्यात चार मिनिटं जातात.

दोन शब्द खास सांभाळा. मराठीत सभा म्हणजे मीटिंग. कन्नड बायबलात सभे म्हणजे मंडळी, चर्च. फिबी "सभेची सेविका" म्हटलं की मराठी बाईला वाटतं मीटिंगमध्ये सतरंजी घालणारी. आणि स्तोत्रसंहितेला कन्नडमध्ये कीर्तनेगळु म्हणतात. "कीर्तने ६८:११ काढा" म्हटलं की आमच्याकडच्या बायका टाळ शोधतात.

ते वचन मात्र वाचाच. मंगल वार्ता गाजवणाऱ्यांची मोठी सेना, असं त्यात आहे, आणि मूळ हिब्रूत गाजवणाऱ्या हा शब्द स्त्रीलिंगी अनेकवचनी आहे.

निपाणी_माळ

@कृष्णाकाठ_अथणी, सभे आणि सभा लिहून घेतलं. वाचता न येणाऱ्यांचं काय करावं?

कृष्णाकाठ_अथणी

"आता सगळ्यांनी एकेक वचन वाचूया" हे वाक्य सभेत उच्चारू नका. बाकी सोपं आहे. ती पाळी आली की चार बायका चष्मा विसरल्याचं सांगतात, आणि पुढच्या आठवड्याला येत नाहीत.

उतारा तीन आवाजांत वाचा : निवेदक, नामान, ती पोर. पोरीच्या वाट्याला एकच वाक्य आहे, ५:३. ते आदल्या आठवड्यात पाठ करून घ्या, दहा मिनिटांत होतं, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यातल्याच एकीला द्या. पूर्ण उताऱ्यात सगळ्यांत महत्त्वाचं वाक्य तेच आहे. बाकीच्यांना मोठ्या अक्षराची झेरॉक्स, १८ पॉईंट तरी हवा, कारण आपल्या कुठल्याही देवळातला, म्हणजे चर्चमधला, संध्याकाळचा उजेड म्हणजे आनंदच.

शहापूर_पेठ

नामानाच्या उताऱ्यात भर घालतो. तिथे सेनापती, दोन राजे, संदेष्टा एवढी माणसं आहेत, आणि काम होतं ते कुणामुळे? धाडीत पळवून आणलेली पोर, जिचं नावही नाही. पुढे १३ व्या वचनात नामान रागावून निघाला तेव्हा त्याला वळवतात ते त्याचे नोकर. इस्राएलाचा राजा तर कपडे फाडून बसतो. हा फरक फळ्यावर दोन रकाने करून मांडा, एकीकडे कोण काय म्हणालं, दुसरीकडे त्याने काय झालं. बायका स्वतःच भरतात, सांगावं लागत नाही.

दोन ठिकाणी जपा. एक, त्या पोरीला "मालकाशी इमान राखणारी मोलकरीण" करू नका. ती गुलाम आहे, तिला पळवलंय, मजकूर ते लपवत नाही. घरकाम करणाऱ्या बायका समोर बसल्यात, त्यांना निमूटपणाचा धडा नको. दोन, कुष्ठरोग. बायबलातला शब्द त्वचेच्या बऱ्याच विकारांना धरून आहे, आजच्या कुष्ठरोगाशी तंतोतंत जुळत नाही. "कोड्या, महारोगी" हे शब्द टाळा. ओघात एवढं सांगा की आज सरकारी दवाखान्यात औषध फुकट मिळतं, रोगाच्या प्रकाराप्रमाणे सहा किंवा बारा महिने घ्यावं लागतं आणि रोग बरा होतो. अंगावर बधिर चट्टा लपवून बसलेली एखादी बाई असू शकते.

वेळ उरला तर २ राजे ७ मधले चार रोगी, वेशीबाहेर बसलेले. शहर उपाशी, आणि शत्रू पळाल्याची बातमी आणतात ते. पण दोन्ही उतारे एका सभेत कोंबू नका.

खानापूर_घाट

शोमरोनी बाईबद्दल कॅथोलिक बाजूने दोन शब्द. चूक मात्र सगळ्याच पंथांत सारखी होते.

तिला वेश्या म्हणायचं बंद करा. योहान ४:१८ मध्ये पाच नवरे झाले आणि आता आहे तो नवरा नाही, एवढंच आहे. त्या काळी सोडचिठ्ठी देणं मुख्यतः पुरुषाच्या हाती. पाचांतले काही मेले असतील, काहींनी टाकली असेल, मजकूर सांगत नाही. येशू तिला "पुन्हा पाप करू नको" असं या अध्यायात म्हणत नाही. ते वाक्य आठव्या अध्यायातलं, दुसऱ्या बाईला म्हटलेलं. लोक दोन्ही बायकांची खिचडी करतात.

मांडणीसाठी तिसरा अध्याय शेजारी ठेवा. निकदेम रात्री येतो, शिकलेला, नाव असलेला, पुरुष, आणि त्याची बोलणी प्रश्नावरच विरतात. ही भर दुपारी भेटते, नाव नाही, परकी, आणि गावच्या गाव घेऊन येते. शिष्य त्याच गावात जाऊन आले, आणलं काय? जेवण. चौथ्या अध्यायाच्या ३९ व्या वचनात स्पष्ट आहे की त्या बाईच्या शब्दावरून पुष्कळांनी विश्वास ठेवला. २८ व्या वचनात घागर तिथेच टाकून ती जाते. एक रिकामी घागर समोर ठेवलीत तर आणखी चित्र-बित्र लागत नाही.

हीच गत मरिया मग्दालीयेची. लूक ७ मधली पापी स्त्री आणि ती एकच, हा समज ५९१ मध्ये पोप ग्रेगरी पहिला यांच्या प्रवचनापासून पश्चिमेकडे पक्का झाला. शुभवर्तमानात तसं कुठेही नाही. कॅथोलिक पंचांगाने १९६९ मध्ये ती सांगड सोडली, आणि २०१६ मध्ये २२ जुलैचा तिचा दिवस प्रेषितांच्या सणांच्या पातळीवर नेला. पुनरुत्थानाचा निरोप प्रथम तिच्याकडे, हे कारण. वाचक आणि वेदीसेवक या पदांची रीतसर नेमणूक स्त्रियांना २०२१ पासून खुली झाली. धर्मगुरुपद नाही, ते वेगळं. हे वेगळं करून सांगा, नाहीतर "तुमच्यात बायका फादर होतात म्हणे" अशी कुजबुज सुरू होते.

हुक्केरी_नाका

मालिकेला विरोध नाही. पण एक बाजू इथे कुणीच मांडली नाही म्हणून लिहितो.

१ तीमथ्य २:१२, म्हणजे तेच "स्त्रीने उपदेश करू नये" वचन, स्पष्ट आहे. बारा प्रेषित पुरुष. याजक पुरुष. दबोरा न्याय करत होती, वेदीवर नव्हती. हुल्दाने घरी उत्तर दिलं, मंदिरात उभी राहून नाही. अपवाद दाखवून नियम मोडता येत नाही. ब्रदरन धर्तीच्या सभांमध्ये बायका मंडळीसमोर उपदेश करत नाहीत, आणि त्या सभांमधल्या बायका काही दबलेल्या नाहीत. संडे स्कूल, आजाऱ्यांची भेट, सुईणपण, सगळं त्याच चालवतात. मालिका अशी करू नका की आमच्यासारख्यांनी सुना-लेकींना पाठवायचंच बंद करावं.

शहापूर_पेठ

रास्त मुद्दा, आणि उत्तरही सरळ देतो.

११ वं आणि १२ वं वचन एकत्र वाचा. मूळ ग्रीकमध्ये त्या दोन वचनांत आज्ञार्थी क्रियापद एकच आहे : शिकू दे. त्या काळात बाईला शिष्यासारखं शिकायला बसवणं हीच मोठी गोष्ट. १२ व्या वचनात "मी परवानगी देत नाही" हे साधं वर्तमानकाळी विधान आहे. ते सर्वकाळासाठी की तीमथ्य होता त्या इफिसच्या मंडळीपुरतं, यावर अभ्यासकांत खरोखर दोन पक्ष आहेत, एकाला मूर्ख ठरवून चालत नाही. पण तोच पौल १ करिंथ ११:५ मध्ये बाई प्रार्थना करताना आणि संदेश देताना डोकं झाकावं म्हणतो. म्हणजे ती मंडळीत बोलतेय हे धरून चाललाय. १४:३४ मधलं गप्प राहणं मग सरसकट कसं लावायचं?

आणि प्रिस्किल्ला. नव्या करारात हे नवरा-बायको सहा वेळा येतात, त्यांतल्या चारदा तिचं नाव आधी. प्रेषितांची कृत्ये १८:२६ मध्ये दोघं अपुल्लोसाला शिकवतात, तोही चांगला वक्ता. तिथेही तिचं नाव आधी. इंग्रजी किंग जेम्स भाषांतरात मात्र अक्विल्ला आधी येतो, जुनी इंग्रजी प्रत घेऊन वाद घालणाऱ्याला हे आधी सांगून ठेवा.

हुक्केरी_नाका

त्यांनी अपुल्लोसाला बाजूला घेऊन समजावलं, सभेत नव्हे.

शहापूर_पेठ

खरं आहे. तेवढं तुमचं.

जुनं_पान

तुम्ही दोघं चालू द्या. मी इतिहासाची बाजू घेतो, कारण बेळगावच्या मंडळीला हा विषय परका वाटायचं कारण नाही.

बेळगावात लंडन मिशनरी सोसायटीचं काम सुरू झालं १८२० मध्ये, पुढे ते मेथडिस्टांकडे आलं. मेथडिस्ट घराण्याची गोष्ट तर स्वयंपाकघरातून सुरू होते. १७११-१२ च्या हिवाळ्यात इंग्लंडात एपवर्थला पाळक सॅम्युएल वेस्ली लंडनला गेलेले. मागे सुझाना वेस्ली मुलांसाठी रविवारी संध्याकाळी घरात वाचन-प्रार्थना घेऊ लागल्या. शेजारी येत येत दोनशेच्या वर लोक जमू लागले. नवऱ्याने पत्रातून हरकत घेतली तेव्हा त्यांनी उत्तर धाडलं की बंद करायचं तर इच्छा म्हणून सांगू नका, स्पष्ट आज्ञा करा, म्हणजे देवापुढे जबाबदारी तुमची. पोरं होती जॉन आणि चार्ल्स, पुढे मेथडिस्ट चळवळ उभी करणारे. जॉन वेस्लींनी पुढे १७७१ मध्ये उपदेश करणाऱ्या मेरी बोझँकेट यांना लिहिलं की तुम्हाला असाधारण पाचारण आहे, म्हणून तुम्ही बोलता. अमेरिकेतल्या मूळ मेथडिस्ट मंडळीने बायकांना पाळकपदाचे पूर्ण हक्क दिले १९५६ मध्ये. दक्षिण भारत मंडळीत पुष्पा ललिता नंद्यालच्या बिशप झाल्या २०१३ मध्ये, त्या मंडळीतल्या पहिल्या स्त्री बिशप.

आता आपल्याकडचं. पंडिता रमाबाईंना सगळे पुण्या-केडगावच्या म्हणून ओळखतात. जन्म १८५८ चा, कर्नाटकातल्या गंगामूळच्या रानात. सीमाभागातल्या बायकांना हे सांगाच, माना वर होतात. केडगावच्या त्यांच्या मुक्ती सदनात दुष्काळातून आणलेल्या मुली आणि विधवा राहायच्या. १९०५ च्या संजीवनात, म्हणजे धर्मजागृतीत, प्रार्थनेला बसल्या त्या याच. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत केलं, हेतू हा की खेड्यातल्या बाईला कळावं, संस्कृताने जड झालेलं नको. तिथल्याच छापखान्यात तिथल्याच बायकांनी खिळे जुळवले. रमाबाई ५ एप्रिल १९२२ ला गेल्या, भाषांतर तोवर पुरं झालेलं.

लक्ष्मीबाई टिळकांचं उदाहरण तिसऱ्या सभेच्या आसपास बसतं. शाळेचं शिक्षण जवळजवळ नाही. नारायण वामन टिळक १९१९ ला गेले तेव्हा त्यांचं ख्रिस्तायन हे ख्रिस्तचरित्राचं काव्य सुरुवातीच्या अध्यायांवर थांबलेलं. ते पुढे नेलं लक्ष्मीबाईंनी.

एवढं सगळं मात्र एका सभेत ओतू नका. एका सभेला एक बाई, तीन मिनिटं, पुरे. शाळेचा धडा झाला की बायका पेंगतात.

नकाशा_नाही

चौथ्या सभेबद्दल कुणी लिहीना, म्हणून मी. रोमकरांस १६ ची यादी वाचून दाखवायची नाही, वाटायची.

पस्तीस चिठ्ठ्या करा. दहा बायकांची नावं : फिबी, प्रिस्किल्ला, मरिया, युनिया, त्रुफैना, त्रुफासा, पर्सिस, रूफाची आई, युलिया, नीरियाची बहीण. बाकी पुरुष. पिशवीतून प्रत्येकीने एक उचलायची. वाचक नाव घेईल तेव्हा चिठ्ठीवालीने उभं राहायचं. जिला वाचता येत नाही तिच्या कानात आधी सांगून ठेवायचं. शेवटी उभ्या असलेल्यांकडे नुसतं बघितलं की रोमची मंडळी डोळ्यांसमोर येते.

मग तीन गोष्टी दाखवा. "श्रम केले" हा शब्द या यादीत चौघींनाच लावलाय : मरिया, त्रुफैना, त्रुफासा, पर्सिस. पुरुषाला एकालाही नाही. फिबी किंख्रियाच्या मंडळीची सेविका, पण दुसऱ्या वचनात तिच्यासाठी वापरलेला ग्रीक शब्द आश्रयदात्रीचा आहे, पैसा आणि वजन असलेल्या बाईचा. पत्र रोमला तिनेच नेलं असं बहुतेक अभ्यासक मानतात. आणि युनिया : चौथ्या शतकातल्या ख्रिसोस्तोमाने ती बाई आहे असं धरूनच तिची स्तुती केलीय. मराठीत "ते नामांकित आहेत" आणि कन्नडमध्ये अवरु म्हटलं की बाई की पुरुष ते दिसत नाही, म्हणून बोलून दाखवावं लागतं.

माझ्या मते सगळ्यांत बोलकं आहे ते २२ वं आणि २३ वं वचन. पत्र हाताने लिहिणारा तर्तियुस. म्हणजे तिसरा. शेवटी सलाम सांगणारा क्वर्त. म्हणजे चौथा. गुलामांना अशी क्रमांकाची नावं सर्रास असत. आपल्याकडे नकुशा, धोंडू नावं ठेवतात तसली तऱ्हा. ख्रिस्ती शिकवणीचं एवढं जड पत्र लिहून काढलं ते "तिसऱ्या"ने.

कर्णा_आणि_वायर

प्रश्न ३ चं तांत्रिक उत्तर. बायकांनाच बोलू द्या, पण माइक नीट करा. "बाईचा आवाज पोचत नाही" ही तक्रार दहांतल्या नऊ वेळा माइकचीच असते.

स्टँड पाळकसाहेबांच्या उंचीवर घट्ट झालेला असतो, तो आधी सैल करा. माइक तोंडापासून चार बोटं, सरळ समोर नाही, किंचित खालून. मिक्सरवर एको असतो तो बोलताना पूर्ण बंद, गाण्यापुरता चालू. आपल्या देवळांत एको कायम अर्ध्याच्या वर, त्याने शब्दांची शेपटं एकमेकांत मिसळतात आणि बारीक आवाज सर्वांत आधी बुडतो. बेस कमी करा, लो-कट बटण असेल तर दाबा. कर्णा बोलणाऱ्याच्या मागे असला की शिट्टी येणारच, पुढे आणा. चाचणी वीस मिनिटं आधी, जिने बोलायचंय तिच्याच आवाजात, तिचा पहिला परिच्छेद वाचून. मुलाने "हॅलो, हॅलो" करून काही कळत नाही.

तीस बायका एका खोलीत असतील तर माइक काढूनच टाका.

घटप्रभा_काठ

बोलणारीच्या तयारीबद्दल. पंधरा मिनिटं म्हणजे हाताने लिहिलेली साधारण सहा पानं, पण पानं वाचू देऊ नका. एका पोस्टकार्डाएवढ्या कागदावर पाच ओळी. दोनदा घरी मोठ्याने, घड्याळ लावून. पहिल्या वेळी हमखास सात मिनिटांत संपतं, कारण भीतीने वेग वाढतो. तेव्हा भर घालू नका, सावकाश बोलायला सांगा.

आता खरं दुखणं. वर्षातून एकदा महिला रविवार, बायका व्यासपीठावर, साड्या सारख्या, फोटो. सोमवारपासून चाव्या, वही आणि पेटी पुन्हा होती तिथे. लूक ८:१-३ वाचा, मरिया मग्दालीया, हेरोदाच्या कारभाऱ्याची बायको योहान्ना, सुसान्ना, या स्वतःच्या पैशातून येशूचं आणि बारांचं चालवत होत्या. मालिकेबरोबर एक तरी काम कायमचं हातात द्या. अर्पण मोजायला दोघं, त्यांतली एक बाई. नोटा मूल्याप्रमाणे लावून आकडे वहीत, दोघांच्या सह्या, त्याच दिवशी, देवळातच. "घरी नेऊन मोजतो" अजिबात नाही. प्रभुभोजनाचंही तसंच. रस काढायचा बायकांनी, प्याले घासायचे बायकांनी, ताट फिरवायला मात्र पुरुष. शंभर माणसांना प्याल्यामागे १५ मिली धरला तर दीड लिटर रस लागतो, हा हिशेब देवळात फक्त बायकांनाच तोंडपाठ असतो. ज्या मंडळीच्या घटनेत हरकत नाही तिथे ताटही त्यांच्याकडे जाऊ दे.

मूठ-तांदूळही सुरू करता येईल. मिझोराममधल्या प्रेस्बिटेरियन बायकांनी १९१० च्या सुमारास चालू केलेली पद्धत आहे. स्वयंपाकाला तांदूळ काढताना एक मूठ बाजूला. मूठ साधारण ५० ग्रॅम. दिवसाला दोन मुठी, महिन्याला घरटी तीन किलो. वीस घरांचे साठ किलो. खानापूर भागात जमतं. अथणी-चिकोडीकडे घरात जोंधळा जास्त, तिथे जोंधळा घ्या, दोन्ही एका डब्यात नको. बिघडतं ते तीन ठिकाणी. जाडा-बारीक एकत्र केला की शिजत नाही नीट. महिन्याच्या वर साठवला की पोरकिडे, म्हणून दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी डबा रिकामा. आणि जमलेल्या धान्याचा लिलाव केलात तर रेशनचा तांदूळ त्यात विकू नका, तो गुन्हा आहे. तो बाजूला ठेवून शिजवून वाढण्यातच वापरा.

निपाणी_माळ

खूप मिळालं. आराखडा असा धरते. वार बुधवार, वेळ साडेसात, कारण बिड्या पोचवून आणि तोडीवरून परत येईपर्यंत सात वाजतातच. हुल्दा, पोर, शोमरोनी बाई, मग चिठ्ठ्या. १ तीमथ्य चौथ्या सभेत, दहा मिनिटं, दोन्ही बाजू सांगायच्या, हात वर करून मत घ्यायचं नाही. आराखडा पाळकसाहेबांना आधी दाखवायचा.

राहिली एक शंका. प्रार्थना दिनाला बेळगावला आणि एक गट गडहिंग्लजला जायचं म्हणतोय. शक्ती योजनेत, म्हणजे कर्नाटकात बायकांना बस फुकट आहे त्यात, सगळं बसतं का?

खानापूर_घाट

बेळगावला बसतं. कर्नाटक परिवहनच्या साध्या गाडीत, राज्याचा पत्ता असलेलं ओळखपत्र दाखवून शून्य तिकीट घ्यायचं. तिकीट घ्यावंच लागतं, फुकट आहे म्हणून न घेता बसू नका. आरामगाडी, एसी नाही. गडहिंग्लजला जाणारी गाडी राज्याबाहेरची, तिथे योजना नाही. महाराष्ट्राच्या एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, ती गाठा. वडापाचा, म्हणजे खासगी जीपचा, हिशेब वेगळा, तो ड्रायव्हरशीच.

हुक्केरी_नाका

आराखडा आधी दाखवताय हे चांगलं. दोन्ही बाजू सांगणार असाल तर आमच्याकडच्याही पाठवतो.

घटप्रभा_काठ

चहाचं राहिलं. जिने बोलायचं असतं तीच बहुधा चहाच्या पातेल्यापाशी अडकलेली असते, आणि गटचर्चेच्या ऐन बारा मिनिटांत दोघी "दूध बघून येतो" म्हणून उठतात. चारही बुधवारी चहा पुरुषांकडे द्या. नावं आधी लिहून घ्या, "कुणीतरी करेल" नको. तीस अर्ध्या कपांना सव्वा लिटर दूध, तेवढंच पाणी, चहा पावडर ६० ग्रॅम, साखर २०० ग्रॅम, आल्याचा दोन बोटं तुकडा ठेचून. आलं आधी पाण्यात उकळायचं, दुधात घातलं तर दूध फाटतं. गॅस आठ वाजून दहा मिनिटांनी पेटवायचा, त्याआधी नाही.